भाषेचा रकाना

आमच्या घरात कुठलीही गोष्ट ठरवल्याशिवाय होत नाही, आणि ठरवतो मी. हे मी फुशारकीने सांगत नाही. कुणीतरी ठरवायला लागतं आणि मला ते जमतं, एवढंच. रेल्वेत पुलांच्या देखभालीचं काम करताना एकवीस वर्षं झाली. चालत्या लाइनवरचा पूल दुरुस्त करायचा तर आधी ब्लॉक घ्यावा लागतो, म्हणजे ठरलेले दोन-तीन तास त्या रुळावरून एकही गाडी सोडायची नाही. तेवढ्या वेळात काम उरकलं पाहिजे, नाहीतर मागे चार गाड्या खोळंबतात आणि फोनवर फोन सुरू होतात. अशा माणसाने मुलीच्या कॉलेजप्रवेशाचा तक्ता केला, तर त्यात नवल काय?

तक्ता लखनौच्या अलीगंज भागातल्या आमच्या घरात, हॉलच्या भिंतीवर होता. चार फुलस्केप कागद चिकटवून केलेला. डाव्या बाजूला सतरा अभ्यासक्रम, आणि प्रत्येकासमोर रकाने: कुठली परीक्षा, तिला कुठले विषय, फॉर्म कधी निघतो, कधी बंद होतो, निकाल कधी. चार रंगांची पेनं वापरली होती. माझी बायको विनीता निशातगंजच्या एका बँकेत अधिकारी आहे. तिने तक्ता नीट वाचला आणि म्हणाली, "अहो, घरात पाहुणे येतात. निदान जांभळा तरी नको होता."

मुलगी पूर्वा तेव्हा बारावीला होती. तिने पेन्सिल घेतली आणि सतरापैकी सोळा ओळींवर शांतपणे काट मारली. इंजिनिअरिंगवर तर दोनदा. उरली एक ओळ: इतिहास ऑनर्स, दिल्ली.

हे मला अगदीच अनपेक्षित नव्हतं. नववीत असताना शाळेच्या रिझवी मॅडम मुलांना अठराशे सत्तावनच्या उठावात पडलेल्या रेसिडेन्सीचे भग्नावशेष दाखवायला घेऊन गेल्या होत्या. बाकीची पोरं फोटो काढून आली. आमची आली ती प्रश्न घेऊन, की ही पाटी एका बाजूच्या लोकांनी लिहिली, मग दुसऱ्या बाजूच्या लोकांनी काय लिहून ठेवलंय? त्या दिवसापासून इतिहास तिच्या डोक्यात बसला, आणि त्यासाठी दिल्लीचं एक कॉलेज. काट मारलेली पाहून मी एक संध्याकाळ रुसलो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. दिशा एकदा ठरली की मला कुरकुर आवडत नाही.

दिल्लीच्या प्रवेशाची परीक्षा म्हणजे सीयूईटी. जास्तीत जास्त पाच विषय निवडायचे. एकेका विषयाला पन्नास प्रश्न, बरोबर उत्तराला पाच गुण, चुकलं तर एक वजा. मी सगळं वाचून काढलं होतं. मार्चमध्ये फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा पूर्वाचे बोर्डाचे पेपर चालू होते. मी म्हणालो, "तू अभ्यास कर. फॉर्म माझ्यावर सोड."

तिने भूगोलाच्या पुस्तकातून मान वर न करता एका चिठ्ठीवर पाच ओळी लिहिल्या आणि माझ्या हातात दिल्या. हिस्ट्री. पोलिटिकल सायन्स. जॉग्रफी. जनरल टेस्ट. लँग्वेज – अपनी वाली.

इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. मी कराडचा, विनीता अकोल्याची, आणि पूर्वाचा जन्मच लखनौचा. आम्ही तिच्याशी मराठीत बोलतो, ती आम्हाला हिंदीत उत्तर देते. मराठी तिला सगळं कळतं, अगदी आम्ही तिच्यापासून लपवून बोलतो तेसुद्धा. पण तोंडून येते ती हिंदीच. मी कधी सक्ती केली नाही. भाषा काही कुठे पळून जात नाही, असं मला वाटायचं.

तर चिठ्ठीवर होतं 'अपनी वाली', आणि स्क्रीनवर भाषांची यादी उघडली. तेरा भाषा होत्या. मी सरळ मराठीवर क्लिक केलं. नोकरीत लागल्यापासून जिथे जिथे मातृभाषेचा रकाना आला तिथे मी मराठी लिहीत आलो. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये, जनगणनेत, शाळेच्या दाखल्यावर. आणि लेकीने आपण होऊन 'आपली' म्हणावं, याचा मला केवढा आनंद झाला. डोळ्यांत पाणी आलं, हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. पानं छापून घेतली, हिरव्या फाइलला लावली आणि तक्त्यावर त्या रकान्यात जांभळी खूण केली.

महिनाअखेरीस दुरुस्तीची संधी मिळाली. एकदाच, आणि दोनच दिवस. माझ्या लक्षात आलं की फॉर्मवर वडिलांचं नाव चुकलंय. मी ते शाळेच्या ओळखपत्रावरून उतरवलं होतं, आणि तिथे मी 'उल्लास' होतो. एकवीस वर्षं झाली, लखनौ मला उल्लास म्हणतं. दूधवाल्यापासून जनरल मॅनेजरपर्यंत सगळे. पूर्वाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर मी शाळेशी भांडून 'उल्हास' करून घेतलं होतं. तेव्हा इथेही मी मोठ्या तत्परतेने 'ल' काढला, 'ह' घातला, आणि दुरुस्ती पक्की केली. बाकीचं पान पाहिलंच नाही. माझंच तर काम होतं, त्यात पाहायचं काय?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी ऑफिसात होतो. पूर्वाचा मेसेज आला, रिझवी मॅडम सगळ्यांचे फॉर्म तपासतायत, फोटो पाठवा. मी तत्काळ पाठवला. दोन मिनिटांत फोन वाजला.

"बाबा, ये मराठी क्या है?"

"क्या है म्हणजे? आपली भाषा."

मग ती म्हणाली, "मैंने लिखा था, अपनी वाली। अपनी। मतलब मेरी। जो मैं स्कूल में पढ़ती हूँ। इंग्लिश।"

मी खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो. मराठी माणूस 'आपली' म्हणतो तेव्हा त्यात सगळं घर येतं. हिंदीत 'अपनी' म्हणजे ज्याची त्याची. एकवीस वर्षं या गावात राहून, रोज हिंदीत मजुरांपासून मंत्रालयापर्यंत बोलून, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण चिठ्ठी वाचताना मी बाप होतो आणि मराठी होतो, आणि मला जे वाचायचं होतं तेच मी वाचलं.

त्या दिवशी मी अकरा ई-मेल लिहिल्या. हेल्पलाइनला सात वेळा फोन केला. पलीकडचा मुलगा फार सभ्य होता. म्हणाला, सर, मुदत संपली आहे आणि आपण दुरुस्ती एकदा वापरली आहे. मी स्वतः ठेकेदारांना हेच वाक्य याच आवाजात सांगतो, तेव्हा भांडायलाही जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेत रिझवी मॅडमना भेटायला गेलो. पांढऱ्या केसांच्या, मऊ बोलणाऱ्या बाई. त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला, चष्मा लावला, आणि म्हणाल्या, "देखिए मोकाशी साहब, दरवाज़ा बंद नहीं हुआ है। दिल्ली में लिस्ट की कोई भी एक ज़बान चलती है। मराठी भी। मगर ज़बान के नंबर कुल का एक चौथाई हैं। बच्ची ने मराठी कभी पढ़ी नहीं।"

पूर्वा माझ्या शेजारी बसली होती आणि टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक बघत होती. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी छाती पुढे काढली. "मैडम, आप फिक्र मत कीजिए। अभी पाँच हफ़्ते हैं। मैं खुद पढ़ाऊँगा। हम पूरी शिकस्त करेंगे।"

मॅडमनी चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं, मग पूर्वाकडे. "अल्लाह न करे," त्या हळूच म्हणाल्या. "अभी से शिकस्त की बात क्यों करते हैं?"

मला वाटलं, बाईंना माझा निर्धार कळला नाही. म्हणून मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने. पूर्वाने माझ्या बाहीला धरून मला बाहेर काढलं.

स्कूटरजवळ पोचल्यावर ती म्हणाली, "शिकस्त मतलब हार, बाबा। आपने मैम से दो बार कहा कि हम पूरी तरह हारेंगे।"

"काहीतरीच काय. प्रयत्नांची शिकस्त करणे. म्हणजे जिवापाड प्रयत्न करणे. साधा वाक्प्रचार आहे."

"मराठी में।"

"हो, मराठीतच. आपल्या..." म्हणालो आणि स्कूटरला किक मारली. तो शब्द मला काही दिवस तोंडून काढवेना.

संध्याकाळी तिने खोलीचं दार लावून घेतलं. विनीता बँकेतून आली, तिने सगळं ऐकून घेतलं, पर्स ठेवली आणि माझ्यासमोर बसली. "चिठ्ठीचं मी समजू शकते," ती म्हणाली. "कुणाचंही चुकलं असतं. पण दुरुस्तीच्या दिवशी तुम्ही काय सुधारलंत? स्वतःचं नाव. पोरीचा फॉर्म, आणि तुम्ही स्वतःचं नाव सुधारून उठलात."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी हाताखालच्या लोकांना इतक्या वेळा ऐकवली होती की तिचं माप कधी आपल्याला होईल असं वाटलंच नव्हतं. मला लाज वाटत होती. ती बंद दाराची वाटत होती, आणि माझ्या चुकीपायी पूर्वाची चार वर्षांची इच्छा जाईल याची भीती वाटत होती. भिंतीवरच्या जांभळ्या खुणेकडे बघवत नव्हतं.

आठ वाजता दार उघडलं. पूर्वाने जेवणाचं टेबल मोकळं केलं, नवी वही ठेवली, पेनाचं टोपण काढलं.

"चलिए," ती म्हणाली. "सिखाइए।"

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी सहा ते आठ ब्लॉक घेतला. घरात त्या वेळात फोन नाही, बेल वाजली तरी कुणी उठायचं नाही, दूधवाल्याला सांगून ठेवलं. तक्त्यावर मराठीसाठी वेगळा कागद जोडला. पहिल्याच दिवशी मी तिला उतारा दिला: 'आजोबांची प्रकृती ढासळली आणि संसाराचा भार मुलावर आला.' तिने वाचला आणि विचारलं, आजोबांचा निसर्ग कसा काय कोसळला? आणि सगळ्या जगाचा भार एकट्या मुलावर कशाला?

देवनागरी येत असल्यामुळे अक्षरं तिला अडत नव्हती. अडत होते ते ओळखीचे शब्द. तोंडावळा तोच आणि स्वभाव भलताच, आमच्या नात्यातल्या काही मंडळींसारखा. मग तिनेच वहीत दोन रकाने केले. डावीकडे 'लखनौ', उजवीकडे 'घर'. शिक्षा: लखनौत शिक्षण, घरी दंड. राग: लखनौत गाण्यातला, घरी बाबांचा. सही: लखनौत बरोबर, घरी दस्तखत. टीका: लखनौत कपाळावरचा टिळा किंवा दंडातली लस, घरी आईकडून. ही उदाहरणं तिची आहेत, मी फक्त सांगतोय.

'चेष्टा' आला त्या दिवशी ती पेन ठेवून विचार करत बसली. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत थट्टा.

"रुकिए," ती म्हणाली. "यहाँ की हार, आपके यहाँ कोशिश है। और यहाँ की कोशिश, आपके यहाँ मज़ाक। बाबा, आप लोगों का कुछ भरोसा नहीं।"

त्या दुर्दैवी चिठ्ठीनंतर ती पहिल्यांदा हसली. मीही हसलो. माझा जीव भांड्यात पडला, आणि मला वाटलं, गाडी रुळावर आली.

गाडी रुळावर होती, पण ड्रायव्हर बदलावा लागला. दहाव्या दिवशी मी एक नमुना प्रश्नपत्रिका आणली आणि जाहीर केलं की मीही सोबत सोडवणार. पोरीला हुरूप यावा हा हेतू. विनीता कणीक मळता मळता म्हणाली, मलाही एक प्रत द्या. तासाभराने उत्तरं तपासली. पन्नासपैकी पूर्वाचे एकतीस बरोबर. माझे अठ्ठावीस. विनीताचे, एका हाताला कणीक असताना, सेहेचाळीस.

मी उत्तरपत्रिकेत चूक आहे म्हणालो. विनीताने माझे चुकलेले बावीसही प्रश्न एकेक करून समजावून सांगितले. माझी मराठी म्हणजे 'लेटर ड्राफ्ट करून ठेवलंय, प्लीज बघून घ्या' अशी झाली होती, हे मला कळलंच नव्हतं. ती मात्र दरवर्षी चार-पाच दिवाळी अंक मागवून, जेवणाच्या सुट्टीत बँकेत बसून वाचते. मला वाटायचं, वेळ घालवते.

त्या दिवसापासून शिकवायचं काम विनीताकडे गेलं आणि मला वेळ लावायचं काम मिळालं. मी तेही चोख केलं. पडलो तरी नाक वर, असं विनीता म्हणते, पण वेळ लावणारा नसेल तर साठ मिनिटांत पन्नास प्रश्न होत नाहीत. एप्रिल संपताना पूर्वा अडतीसवर होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्रेचाळीसवर. एकदा मी दारात उभा राहून ऐकलं. विनीता एक गोष्ट मोठ्याने वाचत होती आणि पूर्वा तिला थांबवत होती, "नहीं, फिर से पढ़ो, वो वाला वाक्य अच्छा था।" त्या वेळी परीक्षेचं नावही कुणी काढलं नव्हतं. मी घड्याळ बंद केलं आणि चहा टाकायला गेलो.

परीक्षेचं केंद्र चिनहटला आलं, फैजाबाद रोडवर कारखान्यांच्या पलीकडे. मी आदल्या दिवशी त्याच वेळेला स्कूटरवरून जाऊन आलो. बेचाळीस मिनिटं. एक खोदलेला चौक, दोन यू-टर्न, आणि गेटसमोर सावलीला एकच कडुलिंब. परीक्षेच्या दिवशी आम्ही सव्वा तास आधी पोचलो आणि कडुलिंबाखालची जागा आमची झाली.

आत जाताना तिने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मी उपदेशाला तोंड उघडलं, तर विनीताने माझ्या पायावर पाय ठेवला. पूर्वा म्हणाली, "टेंशन मत लीजिए। हो जाएगा।" हे तिने मला सांगावं की मी तिला, हा प्रश्नच होता, पण मला खरंच बरं वाटलं. ती आत जाताना तिची चाल मी पाहिली. घाबरलेलं माणूस असं चालत नाही.

लू, म्हणजे इथला भाजून काढणारा वारा, वाहत होती. विनीताने रजा टाकली होती आणि ती रुमाल डोक्यावर घेऊन सावलीत बसली होती. मी दर दहा मिनिटांनी किती प्रश्न झाले असतील ते सांगत होतो. चौथ्या वेळी तिने विचारलं, "अहो, तुमची पण परीक्षा चालू आहे का?" मी म्हणालो, हो.

पूर्वा बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. "ठीक था," ती म्हणाली. "सब किए।"

"शिकस्त आला होता?"

"नहीं। चेष्टा आया था। मुझे हँसी आ गई, इनविजिलेटर ने घूरा।"

जुलैत निकाल लागला. इतिहासाला सगळ्यात जास्त गुण, आणि त्याच्या खालोखाल मराठीला. अडीचशेपैकी दोनशे वीस. विनीताने रिझवी मॅडमना फोन लावला आणि मराठीचे गुण सांगितले. मॅडम म्हणाल्या, "मोकाशी साहब से कहिए, शिकस्त मुबारक।" त्यांनाही तो शब्द पाठ झाला होता.

पण गुण म्हणजे जागा नव्हे. त्यानंतर कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता, आणि तिथे आमचं वाजलं. मी गेल्या वर्षीचे आकडे काढले. पूर्वाला हवं होतं त्या कॉलेजात गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश जितक्या गुणांवर झाला होता, त्याहून तिचे गुण फक्त चारने जास्त होते. यंदा आकडा थोडा चढला की संपलं. मी नवीन तक्ता केला, या वेळी दोनच रंगांत. पहिल्या क्रमांकावर हमखास मिळणारं कॉलेज, दुसऱ्यावर बरं, आणि तिचं आवडतं पाचवं.

पूर्वाने तक्ता वाचला. लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला. "फॉर्म मैं भरूँगी," ती म्हणाली.

"भर की. क्रम मात्र हा."

"बाबा, ये मशीन ऊपर से देखती है। जो पहला मिल सकता है, वही दे देती है। सेफ़ वाला ऊपर रखा तो सेफ़ वाला ही मिलेगा। फिर पाँचवें का क्या अचार डालूँ?"

मी दोन तास बोललो. चढत्या आकड्यांचा आलेख काढून दाखवला. पुलाच्या कामात सगळ्यात धोक्याचा खांब आधी का घेत नाहीत, ते समजावलं. माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलाचं वर्ष कसं वाया गेलं, तेही सांगितलं. विनीता उठून गेली आणि परत आली तरी माझं चालूच होतं. पूर्वाने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग तिने तिचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"चेक कर लीजिए। पूरा पेज।"

मी पूर्ण पान वाचलं. एकेक रकाना, एकेक अक्षर. वडिलांचं नाव बरोबर होतं, तिथे मी नजर थांबवली नाही. चूक सापडली नाही. मला खरं तर सापडायला हवी होती.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"बरोबर मतलब सही?"

"सही म्हणजे दस्तखत," मी म्हणालो, आणि तिने बटण दाबलं.

यादी लागायची होती त्या दिवशी मी ऑफिसला गेलो नाही. पाच वाजता पान उघडलं. आम्ही तिघं तिच्या मागे उभे राहिलो. म्हणजे विनीता आणि मी उभे होतो, पूर्वा खुर्चीत होती. एकच ओळ होती. इतिहास ऑनर्स, आणि पुढे त्या कॉलेजचं नाव. पसंतीक्रम पहिला.

विनीताने तिला मागून मिठी मारली आणि दोघी रडल्या. मी भिंतीपाशी गेलो आणि तक्ता उतरवायला घेतला. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही थोडा निघाला. आनंद होताच, पण माझं तोंड कधी वेळेवर थांबत नाही.

"बघ," मी म्हणालो, "शेवटी मराठीनेच तारलं. इंग्रजी घेतली असतीस तर एवढे गुण पडले असते की नाही, कुणास ठाऊक. तसं पाहिलं तर मी तेव्हा जे क्लिक केलं..."

विनीताने डोळे पुसता पुसता माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथेच थांबलो. पूर्वा उठली. तिने माझ्या हातातला तक्ता घेतला, त्याची नीट घडी केली आणि तिच्या दिल्लीला न्यायच्या बॅगेत, त्या दोन रकान्यांच्या वहीखाली ठेवला. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही खरंच शिकस्त केलीत."

एकही उच्चार चुकला नव्हता. मला त्या घडीला प्रयत्नही आठवले आणि पराभवही. सकाळी सहाचा ब्लॉक आठवला, आणि मी हरलेले ते दोन तासही.

"हे तू कुठल्या भाषेत म्हणालीस?" मी विचारलं.

"अपनी वाली में," ती म्हणाली, आणि आईचा फोन घेऊन रिझवी मॅडमना सांगायला बाल्कनीत गेली.